नऊ नंबरचा खेळाडू

अमेरिकेत फुटबॉल म्हणतात तो आपला फुटबॉल नव्हे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. तिथला चेंडू लांबुळका, दोन्ही टोकांना निमुळता. तो बहुतेक वेळ हातात धरून पळायचा किंवा हातानं फेकायचा असतो, आणि समोरच्यांनी पळणाऱ्याला धरून खाली पाडायचं असतं. त्या धरपकडीत आपल्याला हुतूतूची आठवण व्हावी. दुसरं असं, की या खेळाचं वेड व्यावसायिक संघांपुरतं नाही. शनिवार हा विद्यापीठांच्या संघांचा वार. मिशिगन विद्यापीठाच्या मैदानात तर लाखाच्या वर माणसं बसतात. शिकायला तिकडे गेलेल्या आपल्या मुलांना पहिल्याच सत्रात प्रश्न पडतो, की सगळं गाव एकाच रंगाचे कपडे घालून निघालंय तरी कुठं?

या महाविद्यालयीन फुटबॉलचा व्हिडिओ गेम इलेक्ट्रॉनिक आर्ट्स ही कॅलिफोर्नियातली कंपनी काढत आली. १९९३ साली तो बिल वॉल्श या नामवंत प्रशिक्षकाच्या नावानं निघाला. पुढे १९९७ पासून त्याच्यावर एनसीएए, म्हणजे महाविद्यालयीन खेळांच्या राष्ट्रीय संघटनेचं नाव आलं आणि दर उन्हाळ्यात नवी आवृत्ती येऊ लागली. आवृत्तीच्या थोडं आधी डेमो यायचा. मिठाईवाला पेढ्याचा तुकडा हातावर ठेवतो ना, तसाच हा प्रकार. मोजके संघ, लहान केलेला सामना, आणि फुकट. पूर्वी तो गेमच्या मासिकांबरोबर तबकडीवर मिळे, नंतर इंटरनेटवरून थेट यंत्रात उतरवून घेता येऊ लागला.

हा डेमो पहिल्यांदा लावल्यावर माणसं काय बघत? २०१३ च्या उन्हाळ्यात आलेल्या डेमोत चर्चेची गोष्ट होती ती पडण्याची. दोन खेळाडू एकमेकांवर आदळले की कोण कसा कोसळेल हे आता पदार्थविज्ञानाच्या नियमांनुसार त्या क्षणी ठरत होतं, आधी चितारून ठेवलेली पडझड पुन्हा पुन्हा दिसत नव्हती. पण जाणकार याच्याही आधी दुसरंच काही तपासत. मैदानात येताना बँड आपल्याच विद्यापीठाची धून वाजवतो का? शिरस्त्राणाचा रंग बरोबर आहे का? आणि मग सगळ्यात मोठी परीक्षा: आपला गडी आपल्यासारखा दिसतो का?

तो दिसायचा. फक्त त्याच्या पाठीवर नाव नसायचं. पडद्यावर ‘क्वार्टरबॅक, नंबर नऊ’ एवढंच यायचं. क्वार्टरबॅक म्हणजे चेंडू कुणाकडे द्यायचा हे ठरवणारा, संघाचा सूत्रधार. हौशी मंडळी मग शेकडो नावं स्वतः टाइप करून यादी पुरी करत आणि ती एकमेकांना देत. काय ही चिकाटी!

नाव का नव्हतं, याचं उत्तर शोधायला बरंच मागे जावं लागतं. १९५५ साली कोलोरॅडोतल्या एका लहान महाविद्यालयाकडून खेळताना रे डेनिसन या खेळाडूला डोक्याला मार लागून मृत्यू आला. त्याच्या पत्नीनं कामगाराला मिळते तशी भरपाई मागितली. १९५७ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं ती नाकारली. त्याच काळात एनसीएएचे प्रमुख वॉल्टर बायर्स यांनी ‘विद्यार्थी-खेळाडू’ हा शब्द रूढ केला. खेळाडू हा नोकर ठरू नये, तो शिकणारा हौशी मुलगाच राहावा, यासाठी तो शब्द होता. शब्द निरागस दिसतो, पण त्यानं पुढची अनेक दशकं कायदेशीर ढालीचं काम केलं. बायर्स यांनीच १९९५ मध्ये पुस्तक लिहून या व्यवस्थेवर कडक टीका केली, ही त्यातली गंमत.

खेळाडू हौशी, म्हणून त्यानं आपलं नाव विकायचं नाही. म्हणजे गेममध्येही ते घालायचं नाही. मुखपृष्ठावरही महाविद्यालयातून बाहेर पडलेल्याच खेळाडूचं चित्र. बाकी सगळं मात्र चालायचं. सॅम केलर हा ॲरिझोना स्टेट विद्यापीठाचा क्वार्टरबॅक. २००५ च्या आवृत्तीत त्या संघाचा नऊ नंबर पाहा: उंची केलरची, वजन केलरचं, त्वचेचा आणि केसांचा रंग त्याचा, चेंडू फेकायचा हात तोच, राज्य तेच, शिक्षणाचं वर्ष तेच. फक्त गाव बदललेलं. पुढे केलर नेब्रास्का विद्यापीठात गेला, तर तिथंही तो गेममध्ये हजर! फक्त हंगामाच्या तोंडावर त्यानं नंबर बदलल्यामुळे तेवढा एक चुकला होता. २००९ साली केलरनं दावा लावला.

त्याच वर्षी एड ओबॅनन यानंही दावा लावला. हा बास्केटबॉलचा खेळाडू, १९९५ साली लॉस एंजलिसच्या यूसीएलए विद्यापीठाला विजेतेपद मिळवून देणारा. एका मित्राच्या घरी मुलगा गेम खेळत होता, आणि ओबॅननला पडद्यावर स्वतः दिसला. नंबर ३१, टक्कल, डावखुरा. आधी त्याला आनंदच झाला. मग मित्रानं सहज म्हटलं, की यातला एक पैसाही तुला मिळालेला नाही.

मला हे प्रकरण यासाठी मोलाचं वाटतं, की डेमो लावून ‘अरे, हा तर आपलाच!’ म्हणणारा चाहता आणि न्यायालयात उभा राहिलेला खेळाडू, दोघं एकाच गोष्टीची साक्ष देत होते. ओळख पटली तरच गेमला दाद मिळे, आणि ओळख पटे म्हणूनच दावा उभा राहिला. कंपनीचा बचाव असा, की गेम ही कादंबरीसारखी अभिव्यक्ती आहे. जुलै २०१३ मध्ये अपील न्यायालयानं दोन विरुद्ध एक मतानं तो फेटाळला. खेळाडू ज्यासाठी ओळखला जातो तेच तो गेममध्ये, त्याच मैदानात करतो आहे, मग त्यात नवनिर्मिती कुठली, असा न्यायालयाचा रोख होता. त्याच महिन्यात एनसीएएनं करार पुढे न वाढवण्याचं जाहीर केलं. सप्टेंबरात कंपनीनं गेम थांबवला आणि तडजोड केली. खेळाडूंना सगळ्या बाजूंनी मिळून ६ कोटी डॉलर द्यायचे ठरले. त्या उन्हाळ्यातला डेमो असा शेवटचा निघाला.

मधली अकरा वर्षं सुनी गेली. जुनी २०१३ ची तबकडी दुकानातल्या मूळ किमतीपेक्षा महाग विकली जाऊ लागली. जून २०२१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं आणखी एका खटल्यात एनसीएएविरुद्ध एकमतानं निकाल दिला, आणि १ जुलैपासून खेळाडूंना आपल्या नावावर कमावण्याची मोकळीक मिळाली. गेम १९ जुलै २०२४ रोजी परतला. या वेळी डेमो नव्हता. वर्गणीदारांना चार दिवस आधी दहा तासांची चाचणी तेवढी मिळाली. मुखपृष्ठावर प्रत्यक्ष शिकत असलेले तीन खेळाडू होते. प्रत्येक खेळाडूला देऊ केलेली रक्कम होती ६०० डॉलर आणि गेमची एक प्रत. एवढ्या मोठ्या धंद्यात ही रक्कम मला चिरीमिरीच वाटते. पण आधी संमती विचारली गेली, आणि दहा हजारांवर मुलांनी ती दिली.

नकार देणाऱ्याच्या जागी कंपनी एक काल्पनिक खेळाडू उभा करते. आणि पूर्वी रात्र रात्र जागून नावं टाइप करणाऱ्या हौशी मंडळींना, त्या काल्पनिक गड्याला बदलून खरा खेळाडू बनवायची सोय २०२४ च्या गेममध्ये ठेवलेली नव्हती.