मेदऊतीतील जनुकक्रिया आणि इन्सुलिनरोध

चरबी साठवणाऱ्या ऊतीत कोणती जनुके किती जोमाने काम करतात, यावर त्या माणसाच्या शरीरात इन्सुलिन किती प्रभावी ठरेल, हे बऱ्याच अंशी अवलंबून असते. चरबी म्हणजे निव्वळ साठा, ही समजूत फार काळ टिकली. १९९३ मध्ये होतामिशलिगिल व स्पीगेलमन यांनी लठ्ठ उंदरांच्या चरबीत टीएनएफ-अल्फा या दाहकारक प्रथिनाचे जनुक अधिक सक्रिय असल्याचे दाखवले. १९९४ मध्ये चरबीतून स्रवणाऱ्या लेप्टिन या संप्रेरकाचे जनुक सापडले. मेदऊती ही अंतःस्रावी ग्रंथीसारखी वागते, हे त्यानंतर मान्य झाले.

पीपीएआर-गॅमा हे नियामक प्रथिन नव्या मेदपेशी घडवणारी जनुके चालू करते. त्वचेखाली अशा पेशी पुरेशा असतील, तर चरबी तेथे सुखरूप राहते. त्या अपुऱ्या पडल्या, की असलेल्या पेशी फुगतात. मग इन्सुलिनला साथ देणारे अ‍ॅडिपोनेक्टिन आणि साखर पेशीत नेणारे ग्लूट-४ यांची जनुके मंदावतात, दाहाची जनुके उसळतात, भक्षकपेशी गोळा होतात. मेदाम्ले यकृतात व स्नायूंत उतरतात आणि रक्तात इन्सुलिन असूनही साखर पेशींत नीट शिरत नाही; हाच इन्सुलिनरोध.

महाराष्ट्राच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे काम पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे. २००४ च्या ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचे व ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे छायाचित्र छापून आले. दोघांचाही देहभार निर्देशांक २२.३, पण चरबी युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. वजनकाटा आपल्या लोकांना केवढा चकवतो, याचा याहून स्वच्छ पुरावा नाही. तालुक्याच्या गावीही त्यामुळे कमरेचा घेर मोजणे अगत्याचे ठरते : भारतीय पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही धोक्याची मर्यादा मानतात.

शरीरातील चरबीचा हा फरक जन्मतःच दिसतो. १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर स्त्रियांचा अभ्यास झाला. त्यांची बाळे सरासरी २.७ किलोंची, इंग्लंडमधील साउदम्प्टनची ३.५ किलोंची. पुण्याच्या बाळांचे स्नायू बारीक, पोट लहान. पाठीवरच्या त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने शाबूत. यातील दोनतृतीयांश मातांना जीवनसत्त्व बी-१२ कमी होते. ज्यांचे बी-१२ कमी आणि फोलेट जास्त, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनरोध सर्वाधिक आढळला. ही दोन्ही जीवनसत्त्वे डीएनएवर मेथिल गट चढवण्याच्या क्रियेत लागतात, आणि जनुक चालू राहणार की बंद, याच्याशी त्या गटांचा संबंध असतो. गर्भातल्या उणिवेची खूण अशा रीतीने जनुकांवर उमटत असावी, असा तर्क त्यामागे आहे.

ज्वारीची भाकर आणि तुरीचे वरण यांत बी-१२ नसते; ते दूध, अंडी, मांस-मासळीतून मिळते. त्या सहा खेड्यांतली मुले किशोरवयात आल्यावर, २०१२ पासून, ‘प्रिया’ या चाचणीत त्यांना गर्भधारणेच्या कितीतरी आधीच बी-१२ देण्यास सुरुवात झाली.