बुडीत क्षेत्राच्या काठावर: प्रेअरीतील सरोवर आणि चाकांवरची घरे

उत्तर अमेरिकेच्या मध्यभागी पसरलेल्या, झाडे विरळ आणि गवत व वारा अपार असलेल्या मैदानी मुलुखाला प्रेअरी म्हणतात. या मुलुखातील नॉर्थ डकोटा राज्यात, मे महिन्याच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या आरंभापर्यंत, सरोवरांच्या काठी चाकांवरच्या घरांची एक हंगामी वस्ती दरवर्षी उभी राहते. झोपण्याची, स्वयंपाकाची आणि स्नानाची सोय असलेल्या या वाहनांना आरव्ही असे नाव आहे; त्यांपैकी मोटारीमागे जोडून ओढले जाते ते ट्रेलर आणि ज्याला स्वतःचे इंजिन असते ते मोटरहोम होय, आणि ती ज्या आखीव जागेत मुक्कामाला थांबतात तिला कॅम्पग्राउंड म्हणतात. विजेच्या जोडणीचा एक खांब, लाकडी मेज, शेकोटीसाठी जमिनीत बसवलेले लोखंडी कडे आणि पुढे क्षितिजापर्यंत पाणी, एवढ्यावर येथील शांततेची ख्याती उभी आहे. ही शांतता निसर्गदत्त वाटते. तथापि तेथील वाहन, रस्ता आणि पाणी ही तिन्ही विसाव्या शतकातील मानवी रचना आहेत, आणि त्यांपैकी पाण्याचा इतिहास वगळून अशा कॅम्पग्राउंडचा इतिहास लिहिणे अपुरेच नव्हे, तर अन्यायाचे ठरते.

वाहनाची कथा तुलनेने सरळ आहे. मोटार सर्वसामान्यांच्या आवाक्यात येताच तिच्यात बिछाने आणि भांडीकुंडी घालून हिंडणारे प्रवासी अमेरिकेत दिसू लागले, आणि १९१९ मध्ये फ्लोरिडातील टँपा येथे त्यांची ‘टिन कॅन टूरिस्ट्स’ ही संघटनाही स्थापन झाली. १९३० च्या दशकात कारखान्यात तयार झालेले ट्रेलर बाजारात आले आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात युद्धसामग्रीच्या कारखान्यांतील असंख्य कामगारांनी त्यांतच संसार थाटला. १९५६ च्या कायद्याने आंतरराज्य महामार्गांचे जाळे विणले जाऊ लागल्यावर या हिंडण्याला खरा वेग आला. १९६२ मध्ये मोंटाना राज्यातील बिलिंग्ज येथे यलोस्टोन नदीच्या काठी केओए या खासगी कॅम्पग्राउंडांच्या साखळीचा आरंभ झाला. सिएटलच्या जागतिक प्रदर्शनाला निघालेल्या मोटारींना वाटेत थांबायला जागा हवी होती, हे त्याचे निमित्त. पुढे १९६६ पासून आयोवा राज्यातील फॉरेस्ट सिटी या लहानशा गावात विनेबेगो कंपनी तुलनेने स्वस्त मोटरहोम बनवू लागली आणि शेतकरी, शिक्षक, निवृत्त कामगार अशा मध्यम ऐपतीच्या कुटुंबांनाही हे सुख परवडू लागले.

रस्त्याची कथा मात्र थोडे थांबून सांगण्याजोगी आहे, कारण आज कोणत्याही सरकारी कॅम्पग्राउंडमध्ये दिसणारी मांडणी एका वनस्पतिरोगतज्ज्ञाच्या निरीक्षणातून आली आहे. १९२० च्या दशकात प्रवासी आपल्या मोटारी वाटेल तिथे, अगदी झाडाच्या बुंध्याशी नेऊन उभ्या करीत. ई. पी. माइनेके या संशोधकाने कॅलिफोर्नियातील रेडवुड वृक्षांचा अभ्यास करताना असे दाखवून दिले, की चाकांखाली आणि पायांखाली माती दाबली जाऊन घट्ट होते, मुळांना हवा आणि पाणी मिळेनासे होते, आधी झुडपे आणि मग झाडे मरतात, आणि ज्या सावलीसाठी माणसे तेथे आली ती सावलीच नाहीशी होते. १९३२ मध्ये वनखात्यासाठी लिहिलेल्या अहवालात त्याने सुचवलेला उपाय असा होता, की माणसाला मोकळे ठेवावे, पण मोटारीला जागेवर बांधावे. त्यासाठी वळसा घेऊन परत मूळ जागी येणारा एकेरी रस्ता आखायचा, त्याला प्रत्येक मुक्कामासाठी एक तिरपा फाटा काढायचा, फाट्याच्या कडेला दगड किंवा ओंडके रोवून मोटार पुढे जाणार नाही असे करायचे, मेज आणि चूल यांच्या जागा ठरवून टाकायच्या, आणि दोन मुक्कामांच्या मध्ये झुडपांचा पडदा राखायचा. १९३३ ते १९४२ या काळात बेकार तरुणांना काम देण्यासाठी उभारलेल्या ‘सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअर’ या सरकारी दलाने ही मांडणी देशभर प्रत्यक्षात आणली. ट्रेलर लांब होत गेले तसे हे फाटेही लांबले आणि त्यांच्या कडेला विजेचे खांब आले; परंतु मूळ आराखडा बदलला नाही, आणि शेजार असूनही एकांत वाटावा ही त्याची किमया आजही टिकून आहे.

प्रेअरीत हा आराखडा आला तेव्हा तेथे राखण्यासाठी झाडे नव्हती आणि कित्येक ठिकाणी काठावर बसावे असे पाणीही नव्हते. नॉर्थ डकोटाच्या पूर्व व मध्य भागात हिमनद्यांनी मागे ठेवलेली असंख्य उथळ तळी आहेत, पण मिझुरी नदीच्या खोऱ्यातील विस्तीर्ण जलाशय हे माणसाने अडवलेले पाणी आहे. १९४३ च्या वसंतात मिझुरीला मोठे पूर आले आणि नेब्रास्कातील ओमाहा शहराला त्यांचा फटका बसला. त्यानंतर लष्कराच्या अभियंता दलातील कर्नल लुइस पिक यांनी पूरनियंत्रण आणि जलवाहतूक यांसाठी, तर सिंचनाचे काम पाहणाऱ्या ‘ब्यूरो ऑफ रेक्लमेशन’ या खात्यातील ग्लेन स्लोन यांनी शेतीच्या पाण्यासाठी, अशा दोन स्वतंत्र योजना मांडल्या. त्या एकत्र करून पिक-स्लोन योजना तयार झाली आणि डिसेंबर १९४४ च्या पूरनियंत्रण कायद्याने तिला मंजुरी मिळाली. याच कायद्याच्या चौथ्या कलमाने अभियंता दलाला आपल्या जलाशयांच्या काठी सार्वजनिक उद्याने व मनोरंजनाच्या सोयी उभारण्याचा अधिकार दिला. लष्कराच्या या दलाचे आज ४३ राज्यांत ४०० हून अधिक जलाशय व नदीप्रकल्प आहेत आणि त्यांच्या काठची कॅम्पग्राउंडे हे अमेरिकी कुटुंबांचे परिचित मुक्काम आहेत. त्याचे मूळ या एका कलमात आहे.

या योजनेतील गॅरिसन या मातीच्या अवाढव्य धरणाचे काम नॉर्थ डकोटात १९४७ मध्ये सुरू झाले, त्याच्या कामगारांसाठी रिव्हरडेल हे गाव नव्याने वसवण्यात आले, आणि जून १९५३ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या उपस्थितीत नदीचा प्रवाह अडवण्याचा समारंभ झाला. त्यामागे साचलेला जलाशय, म्हणजेच आजचे सकाकाविया सरोवर, सुमारे २८५ किलोमीटर लांब असून पूर्ण भरला असता त्याची किनाररेषा २,००० किलोमीटरच्या पुढे जाते.

हे पाणी ज्या खोऱ्यात चढले ते रिकामे नव्हते. मँडन, हिदात्सा आणि अरिकारा ही तीन आदिवासी राष्ट्रे शतकानुशतके मिझुरीच्या काठी मातीची घुमटाकार घरे बांधून राहत होती आणि नदीकाठच्या मळईत मका, घेवडा, भोपळा व सूर्यफूल पिकवीत होती. १८०४-०५ चा हिवाळा पश्चिमेकडचा मुलुख शोधायला निघालेल्या लुइस आणि क्लार्क यांच्या मोहिमेने याच लोकांच्या शेजारात काढला. १८३७ च्या देवीच्या साथीने त्यांची, विशेषतः मँडन लोकांची, भयंकर हानी केली, आणि उरलेले तिन्ही समाज पुढे फोर्ट बर्थोल्ड या राखीव प्रदेशात एकत्र नांदू लागले. त्यांचे जगणे वरच्या उघड्या पठारावर नव्हे, तर खालच्या पूरमैदानात होते. कॉटनवुडची झाडी, सरपण, दगडी कोळसा, शिकार, रानफळे आणि हिवाळी वाऱ्यापासून आडोसा हे सारे तेथेच होते. धरणाला त्यांनी कडाडून विरोध केला आणि कमी जमीन बुडेल अशी दुसरी जागा विनामोबदला देऊ केली, तीही नाकारण्यात आली.

काम सुरू होऊन गेल्यानंतर, मे १९४८ मध्ये, वॉशिंग्टनला गृहमंत्री क्रूग यांच्या दालनात जमीन विक्रीच्या करारावर सह्या झाल्या. त्या वेळी घेतलेल्या छायाचित्रात जमातींच्या परिषदेचे अध्यक्ष जॉर्ज जिलेट हाताने चेहरा झाकून रडताना दिसतात आणि भोवतीचे अधिकारी कागदाकडे पाहत उभे आहेत. अमेरिकेतील धरणांच्या इतिहासात इतका स्पष्ट बोलणारा दुसरा पुरावा क्वचितच असेल. १,५०,००० एकरांहून अधिक जमीन गेली, तीत जवळजवळ सगळी पिकाऊ जमीन होती. सुमारे ३२५ कुटुंबांना, म्हणजे लोकसंख्येच्या जवळपास ८० टक्के लोकांना, उठावे लागले. शाळा आणि रुग्णालय असलेले एल्बोवुड्स हे मुख्य गाव पाण्याखाली गेले, आणि पूर्वी एका नदीने जोडलेली माणसे सरोवराच्या निरनिराळ्या बाहूंपलीकडे विखुरली. मोबदला एकूण सुमारे १.२६ कोटी डॉलर ठरला; मात्र १९४९ च्या ज्या कायद्याने तो दिला, त्यानेच जलाशयाच्या काठावर गुरे चारण्याचा, शिकारीचा आणि मासेमारीचा त्यांचा हक्क नाकारला.

काठाचा हक्क मूळ रहिवाशांकडून काढून घेतला गेला आणि त्याच दशकांत तो काठ सर्वसामान्य सहलकऱ्यांसाठी खुला झाला, ही दोन्ही कामे एकाच शासनाने केली. फोर्ट स्टीव्हन्सन या एकोणिसाव्या शतकातील लष्करी ठाण्याची मूळ जागा बुडाली आणि तिचे नाव काठावरच्या राज्य उद्यानाला मिळाले. सॅनिश आणि व्हॅन हूक ही गावे उठवून न्यू टाउन हे नवे गाव वसवण्यात आले. व्हॅन हूकचे नाव आता सरोवराच्या एका बाहूला आहे, आणि त्याच्या तीरावर उन्हाळ्यात ट्रेलर उभे राहतात. तळाशी कॉटनवुडची रानेच्या राने गेली आणि वर, कॅम्पग्राउंडांत, वारा अडवण्यासाठी झाडांच्या ओळी लावाव्या लागल्या. पाण्यातले जीवनही असेच घडवलेले आहे: येथील वॉलाय मासा मूळचा असला, तरी पॅसिफिक महासागरातील चिनूक सामन १९७६ मध्ये बाहेरून आणून सोडण्यात आला आणि त्याच्या मागे गळकऱ्यांची गर्दी आली.

सहलीसाठी येणाऱ्या कुटुंबांना यात दोष देणे योग्य नाही. गुडघाभर पाण्यात खेळणारी मुले, रात्री दाट चांदण्याखाली पेटलेली शेकोटी आणि दिवसभर ऐकू येणारा गवतातला वारा हे खरे सुख आहे, आणि आदिवासी कुटुंबेही याच काठावर ते घेतात. शिवाय ही वाहने नेहमी सहलीचीच असतात असेही नाही. २००८ नंतर बॅकन खडकथरातील तेलासाठी या भागात कामगारांचे लोंढे आले, तेव्हा घरांच्या टंचाईमुळे हजारो माणसांनी उणे तापमानाचे हिवाळे आरव्हीतच काढले.

दरम्यान, बुडालेल्या जमिनीच्या मोबदल्याबाबतचा तीन राष्ट्रांचा दावा संपला नव्हता. १९९२ मध्ये अमेरिकी काँग्रेसने पूर्वीचा मोबदला अपुरा होता हे मान्य करून १४.९२ कोटी डॉलरच्या निधीची तरतूद केली. एल्बोवुड्सच्या बुडालेल्या रुग्णालयाच्या जागी न्यू टाउनमध्ये नवे आरोग्य केंद्र उघडायला २०११ साल उजाडले, आणि त्याला एल्बोवुड्सचेच नाव देण्यात आले. धरणासाठी घेतलेल्या जमिनीत पाण्याच्या कमाल पातळीच्या वरची, म्हणजे जलाशयाला कधीच न लागलेली, काठाची पट्टीही होती. तिच्यापैकी सुमारे २५,००० एकर जमीन तीन राष्ट्रांच्या वतीने विश्वस्त म्हणून सांभाळण्यासाठी अभियंता दलाने डिसेंबर २०१६ मध्ये गृह खात्याकडे सोपवली.