ऱ्होन नदीतली राख

आपल्याकडे माणूस गेला की बहुतेक घरांतून त्याला अग्नी देतात आणि अस्थी गोदेत, कृष्णेत सोडतात. त्यात मृताचे कल्याण आहे, अशी आपली भावना. पण सन १७७ मध्ये, आज ज्याला आपण फ्रान्स म्हणतो त्या देशातल्या लिओं शहरी, हीच गोष्ट मेलेल्यांना शिक्षा म्हणून केली गेली. प्रेते जाळली, राख झाडून गोळा केली आणि ऱ्होन नदीत लोटून दिली. कशासाठी? तर ही माणसे पुन्हा उठू नयेत म्हणून!

त्या वेळी रोमचा बादशहा होता मार्कस ऑरेलियस. मोठा विचारवंत, तत्त्वज्ञ म्हणून गाजलेला. लिओंमध्ये ख्रिस्ती माणसे थोडी, त्यांतली काही आशिया मायनरहून आलेली. क्रुसावर मारलेला येशू तिसऱ्या दिवशी उठला, आणि आपणही उठू, हा त्यांचा विश्वास. आता हा विश्वास काही सहजासहजी आलेला नव्हता. शुभवर्तमानात स्पष्ट सांगितले आहे की, येशूचे शिष्य भीतीने दारे लावून आत बसले होते, आणि जखमांत बोट घातल्याशिवाय मी मानणार नाही, असे थोमा म्हणाला होता. शंका ही या धर्माला जन्मापासूनच ठाऊक आहे म्हणा ना!

लिओंला आधी या लोकांना स्नानगृहांत आणि बाजारात येण्याची बंदी झाली. मग दगडफेक, मग तुरुंग. हे लोक मुले मारून खातात, अशी कंडी पिकली होती. पुढे काय झाले ते तिथल्या मंडळींनीच एका लांब पत्रात लिहून आशियातल्या बांधवांना कळवले. युसेबियस या इतिहासकाराने ते आपल्या ग्रंथात उतरून घेतले, म्हणून आज आपल्याला वाचायला मिळते.

या पत्राचा मला मोठा विशेष वाटतो तो असा, की त्यात पराभव लपवलेला नाही. पहिल्याच तडाख्यात सुमारे दहाजण घाबरले आणि आम्ही ख्रिस्ती नाही, असे सांगून मोकळे झाले. बाहेरच्यांच्या मनात तेव्हा धाकधूक होती ती छळाची नव्हे, आणखी कोण कच खातो याची. शूरांच्याच कथा लिहिणारा माणूस हे असे लिहील काय?

त्या नाकारणाऱ्यांत बिब्लिस नावाची बाई होती. तिच्या तोंडून मुले खाल्ल्याची कबुली काढावी म्हणून तिला पुन्हा यातना दिल्या. तिथेच ती झोपेतून जागी व्हावी तशी जागी झाली. जे जनावराचेसुद्धा रक्त खात नाहीत ते मुले कशी खातील, असे तिने उलट विचारले, आणि आपण ख्रिस्ती असल्याचे कबूल केले. ज्यांनी कच खाल्ली नव्हती त्यांनी कच खाल्लेल्यांना हिणवले नाही. त्यांच्यासाठी रडून प्रार्थना केली, असेही पत्रात आहे. पुढे बादशहाचा हुकूम आला : नाकारील त्याला सोडा, कबूल करील त्याला मारा. म्हणजे एका शब्दावर सुटका! आणि नेमके तेव्हा, आधी नाकारलेल्यांपैकी बरेचजण उभे राहून कबूल झाले.

ब्लांदिना ही तर दासी. अंगाने इतकी नाजूक की तिच्या मालकिणीलाच धास्ती, हिचा टिकाव कसा लागणार? सकाळपासून संध्याकाळपर्यंत छळणारे पाळीपाळीने थकले, ती बधली नाही. शेवटच्या दिवशी पंधरा वर्षांच्या पोंतिकस या पोराला धीर देत ती मैदानात आली. तिला जाळ्यात गुंडाळून बैलापुढे टाकले, तिथे ती संपली. नव्वदी ओलांडलेले बिशप पोथिनस त्याआधीच तुरुंगात वारले होते.

मग प्रेतांवर पहारा बसला. सहा दिवस ती उघड्यावर ठेवली. पैसे देऊन पाहिले, गयावया करून पाहिले, मूठमाती देऊ दिली नाही. शेवटी जाळून राख नदीत. पुनरुत्थानाच्या आशेवरच हे लोक मरणाला भीत नाहीत, तेव्हा ती आशाच बुडवावी, असा मारणाऱ्यांचा हिशेब होता, असे पत्र सांगते. शत्रूने भीतीचे औषध बरोबर ओळखले होते! मागे राहिलेल्यांना मात्र पुरायला काही उरले नाही याचे दुःख झालेच. ते लोक प्रेत पुरीत; स्मशानाला त्यांनी जे ग्रीक नाव दिले त्याचा अर्थच मुळी 'झोपण्याची जागा' असा.

पोथिनसच्या जागी इरेनेयस बिशप झाला. काही वर्षांनी त्याने एक मोठा ग्रंथ लिहिला. त्यात देह पुन्हा उठतो यावर तो हट्टाने वाद घालतो. नसलेला माणूस ज्याने प्रथम घडवला, त्याला असलेला परत उभा करणे जड आहे का, असा त्याचा सवाल. दाखला देतो तो द्राक्षवेलाच्या मातीत लावलेल्या काडीचा आणि मातीत कुजून वर येणाऱ्या गव्हाच्या दाण्याचा. शेतकऱ्याला तो निराळा समजावून द्यायला नको.

लिओंमधले ते मैदान पुढे मातीत गाडले गेले. १९५८ साली तिथे एक शिलालेख सापडला, त्यावरून जागा पक्की झाली. ते अवशेष आज पाहता येतात.