जोकरला भूतकाळ असावा का? एका खलपुरुषाचे पडद्यावरील अवतार आणि चाहत्यांचे तर्क

एखादी साहित्यकृती पडद्यावर येणार असे कळले की तिच्या वाचकांत पहिला वाद उठतो तो पात्रयोजनेचा. अमुक नट त्या भूमिकेला शोभेल का, कथेतील कोणता भाग घेतील, शेवट बदलतील का, असे प्रश्न तावातावाने चर्चिले जातात. समीक्षक या चर्चेकडे फारशा आदराने पाहत नाहीत. चाहत्यांचा उत्साह म्हणून ती बाजूला सारली जाते. आम्हाला मात्र असे वाटते की ‘ही भूमिका कोणी करावी’ हा प्रश्न वस्तुतः ‘हे पात्र म्हणजे काय’ या प्रश्नाचेच एक रूप असते. म्हणजेच ही चर्चा अर्थनिर्णयनाची एक कृती असते, फक्त ती परिभाषेशिवाय केलेली असते. या दृष्टीने अमेरिकन कॉमिक्समधील जोकर या खलपुरुषाचा इतिहास पाहण्यासारखा आहे. ऐंशीहून अधिक वर्षे त्याच्याविषयी जे तर्क केले गेले, त्यांच्या मुळाशी एकच प्रश्न दिसतो : दुष्टतेला कारण असावे लागते काय?

जोकर प्रथम अवतरला तो १९४०च्या वसंतात, ‘बॅटमॅन’ मासिकाच्या पहिल्या अंकात. त्याच्या जनकत्वाविषयी बॉब केन, बिल फिंगर आणि जेरी रॉबिन्सन या तिघांच्या कथनांत मेळ नाही. रॉबिन्सन यांनी पत्त्यांच्या जोडातील जोकरचे चित्र पुढे केले आणि फिंगर यांनी कॉनराड फाइट या जर्मन नटाचे एक छायाचित्र आणले, एवढे साधारणतः मान्य आहे. ते छायाचित्र ‘द मॅन हू लाफ्स’ या १९२८च्या मूकपटातील होते आणि तो मूकपट व्हिक्टर ह्यूगोच्या १८६९ मधील कादंबरीवर आधारलेला होता. म्हणजे जोकर चित्रकथेतून चित्रपटात जाण्यापूर्वी कादंबरीतून चित्रपटात आणि चित्रपटातून चित्रकथेत आला होता. ‘मूळ’ पात्राशी इमान राखण्याची भाषा करताना हा प्रवास विसरून चालणार नाही.

या प्रवासात एक मोठा उलटफेर झालेला आहे. ह्यूगोचा ग्विनप्लेन हा खलपुरुष नव्हे. बालपणी राजाज्ञेने त्याचा चेहरा कापून कायमचा हसरा केला गेला आहे. जग त्याला पाहून हसते आणि तो आतून रडतो. जोकरच्या कर्त्यांनी ते हास्य तेवढे उचलले, त्यामागची वेदना मागे ठेवली. अत्याचार सोसणाऱ्याचा चेहरा अत्याचार करणाऱ्याला मिळाला. पहिल्या कथेत जोकरला नाव नाही, घर नाही, गतायुष्य नाही. तो घोषणा करून माणसे मारतो आणि मेलेल्यांच्या चेहऱ्यांवर तेच भेसूर हास्य उमटते. त्या अंकाच्या अखेरीस तो मरायचा होता. परंतु संपादक व्हिटनी एल्सवर्थ यांच्या सूचनेवरून तो जिवंत असल्याचे सांगणारे एक चित्र शेवटी घालण्यात आले. एका चौकटीने त्याला आयुष्य दिले, भूतकाळ मात्र दिला नाही. ती रिकामी जागाच पुढे वाचकांच्या तर्काचे क्षेत्र बनली.

ती भरण्याचा पहिला प्रयत्न १९५१ साली झाला. ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’च्या १६८व्या अंकात असे सांगितले गेले की, लाल मुखवटा घालून चोऱ्या करणारा एक गुन्हेगार पळताना रसायनयुक्त पाण्यात शिरला आणि त्यामुळे त्याची कातडी पांढरी व केस हिरवे झाले. वाचकांच्या लक्षात येईल की हे केवळ रंगाचे स्पष्टीकरण आहे, स्वभावाचे नव्हे. रसायनाने चेहरा बदलला. पण माणूस आधीही गुन्हेगारच होता. १९५४ साली मनोविकारतज्ज्ञ फ्रेडरिक वर्थम यांचे कॉमिक्सच्या बालमनावरील दुष्परिणामांविषयीचे पुस्तक गाजले, त्याच वर्षी प्रकाशकांनी स्वतःवर आचारसंहिता लादून घेतली आणि खुनी जोकरचा खोडकर जोकर झाला. १९६६ साली सुरू झालेल्या दूरचित्रवाणी मालिकेत सीझर रोमेरो यांनी साकारला तो हाच जोकर. रोमेरो यांनी या भूमिकेसाठी मिशा काढण्यास नकार दिला. मग मिशांवरूनच पांढरा रंग फासण्यात आला, आणि नीट पाहिले तर त्या रंगाखालून दिसतातही.

याच काळात वाचक एकमेकांना भेटू लागले होते. संपादक ज्यूलियस श्वार्ट्झ यांनी साठीच्या दशकाच्या आरंभी वाचकांच्या पत्रांखाली त्यांचे पूर्ण पत्ते छापायला सुरुवात केली. त्यातून पत्रव्यवहार वाढला, चाहत्यांची स्वतःची हस्तनिर्मित नियतकालिके निघाली. बिल्जो व्हाइट यांचे ‘बॅटमेनिया’ १९६४चे. मालिका अफाट लोकप्रिय झाली. तथापि या निष्ठावंत वाचकांपैकी अनेकांना ती आपल्या नायकाची थट्टा वाटली. १९७३ साली डेनिस ओनील आणि नील अॅडम्स यांनी ‘बॅटमॅन’च्या २५१व्या अंकात जोकरला पुन्हा खुनी केले, तेव्हा या वाचकांना आपले पात्र परत मिळाल्यासारखे वाटले असल्यास नवल नाही.

मालिकेमुळे दुखावलेल्यांत मायकेल उस्लन नावाचा एक शाळकरी मुलगा होता. पुढे सत्तरीच्या दशकाच्या प्रारंभी त्याने इंडियाना विद्यापीठात कॉमिक्सवर रीतसर श्रेयांक देणारा अभ्यासक्रम शिकवला. आम्हा अध्यापकांना त्याची हकीगत विशेष रुचावी. उस्लन सांगतात की, साशंक अधिष्ठात्यांना त्यांनी आधी मोझेसची जन्मकथा सांगायला लावली आणि मग सुपरमॅनची. दुसरी कथा सांगता सांगता अधिष्ठाते थबकले आणि अभ्यासक्रम मंजूर झाला. १९७९ साली उस्लन आणि बेंजामिन मेल्निकर यांनी बॅटमॅनच्या चित्रपटाचे हक्क मिळवले. १९८० साली ‘द शायनिंग’ची वर्तमानपत्रातील जाहिरात उस्लन यांच्या पाहण्यात आली. तीतील जॅक निकल्सन यांच्या चेहऱ्यावर त्यांनी खोडद्रवाने पांढरा रंग लावला, ओठ लाल केले, केस हिरवे केले. नऊ वर्षांनी, १९८९ साली, टिम बर्टन यांच्या चित्रपटात निकल्सन हेच जोकर झाले. चाहत्याचा तर्क खरा ठरल्याचे याहून नेमके उदाहरण आम्हाला माहीत नाही.

परंतु त्या चित्रपटाआधीच्या वर्षी दोन गोष्टी घडल्या. अॅलन मूर आणि ब्रायन बोलंड यांच्या ‘द किलिंग जोक’मध्ये (१९८८) जोकरला प्रथमच करुण पूर्वायुष्य मिळाले : अपयशी विनोदवीर, गरोदर पत्नी, तिचा अपघाती मृत्यू आणि एका दिवसात कोसळलेले जग. मात्र मूर यांनी जोकरच्याच तोंडून असेही सुचवले की आपला भूतकाळ आपल्याला दर वेळी निराळा आठवतो. दिलेले कारण देणाऱ्यानेच संशयास्पद केले. दुसरी घटना अधिक अस्वस्थ करणारी आहे. बॅटमॅनचा तत्कालीन साहाय्यक जेसन टॉड याला जोकर पहारीने मारतो आणि स्फोटात सोडून जातो. तो जगावा की मरावा हे ठरवण्यासाठी प्रकाशकांनी दोन दूरध्वनी क्रमांक दिले. मृत्यूच्या बाजूने ५,३४३ मते पडली, जीवदानाच्या बाजूने ५,२७१. फरक ७२ मतांचा. पहार जोकरच्या हातात होती, पण निकाल वाचकांचा होता. खलपुरुषाविषयी तर्क करणारा वाचक हा निव्वळ प्रेक्षक नसतो, हे या ७२ मतांनी सिद्ध केले असे आम्ही मानतो.

१९८९च्या चित्रपटाच्या वेळी वादळ उठले ते मात्र निकल्सनविषयी नव्हे. विनोदी भूमिकांसाठी ओळखले जाणारे मायकेल कीटन बॅटमॅन होणार, याच्या निषेधाची सुमारे ५० हजार पत्रे आल्याचे सांगितले जाते. जोकरविषयीची तक्रार चित्रपट पाहिल्यानंतरची होती. बर्टन यांनी त्याला जॅक नेपियर हे नाव दिले आणि नायकाच्या आईवडिलांचा खुनीही तोच ठरवला. कथानक त्यामुळे आटोपशीर झाले. पण अनेक चाहत्यांना ही जोडणी खटकली. त्यांचा आक्षेप केवळ सनातनी नव्हता. अनाम खुन्याने केलेली हत्या बॅटमॅनला साऱ्या गुन्हेगारीविरुद्ध उभे करते. ओळखीच्या खुन्याने केलेली हत्या त्याला केवळ सूड घेणारा बनवते. हा युक्तिवाद एखाद्या विद्यार्थ्याने उत्तरपत्रिकेत मांडला, तर आपण त्याला उत्तम गुण देऊ.

२००५ साली ‘बॅटमॅन बिगिन्स’च्या शेवटच्या प्रसंगात जोकरचे पान दिसले आणि तर्कांना उधाण आले. रॉबिन विल्यम्स, एड्रिअन ब्रोडी, पॉल बेटनी अशी नावे चर्चेत होती. प्रत्येक नावामागे जोकरची एक व्याख्या होती : कोणाला त्याच्यातील विनोद हवा होता, कोणाला कृश देहयष्टी, कोणाला थंडपणा. आपल्या परंपरेत, विश्वनाथाच्या ‘साहित्यदर्पणा’त, भयानक हा हास्याचा विरोधी रस मानला आहे. हे दोन विरोधी रस एकाच देहात नांदवणारा नट कोण, असाच हा शोध होता. २००६च्या जुलैअखेरीस हीथ लेजर यांचे नाव जाहीर झाले तेव्हा मोठा विरोध झाला. प्रेमपटांतला देखणा तरुण हे कसे पेलणार, ही एक शंका. आणि ‘ब्रोकबॅक माउंटन’मधील समलिंगी नायकाच्या भूमिकेवरून केलेली कुचेष्टा ही दुसरी बाजू. पहिलीत निदान सौंदर्यविचार होता, दुसरीत निव्वळ पूर्वग्रह. चाहत्यांच्या चर्चेला समीक्षा म्हणताना तिच्यातील हा गाळही नोंदवला पाहिजे.

क्रिस्टोफर नोलन यांच्या ‘द डार्क नाइट’ने (२००८) जोकरची रिकामी जागा न भरता ती दाखवून दिली. हा जोकर आपल्या गालांवरच्या व्रणांची कथा सांगतो. मग दुसऱ्याला निराळीच कथा सांगतो. येथे इयागोची आठवण होणे अपरिहार्य आहे. देवलांच्या ‘झुंझारराव’मुळे मराठी रंगभूमीलाही तो १८९० पासून परिचित आहे. इयागो आपल्या द्वेषाची इतकी कारणे देतो की त्यांपैकी एकही पुरेसे वाटत नाही. कोलरिजने त्यालाच निष्कारण दुष्टतेने चालवलेला कारणांचा शोध म्हटले. नोलन यांनी तीच युक्ती साधली. लेजर यांचे २२ जानेवारी २००८ रोजी निधन झाले, चित्रपट जुलैत आला आणि २००९ साली त्यांना साहाय्यक अभिनेत्याचे ऑस्कर मरणोत्तर मिळाले. ज्या निवडीला विरोध झाला, तीच पुढे इतरांना मोजण्याची पट्टी झाली.

टॉड फिलिप्स यांच्या ‘जोकर’ने (२०१९) नेमकी उलट बाजू घेतली. येथे सर्व काही कारणांनी भरलेले आहे : दारिद्र्य, बालपणीचा छळ, मनोविकार, बंद झालेली सरकारी मदत. हसूदेखील एक व्याधी आहे. एका अर्थी हा ग्विनप्लेनकडे परतण्याचा प्रयत्न होय, कारण चेहऱ्याला त्याची वेदना परत मिळाली. चित्रपटाला व्हेनिस महोत्सवात सुवर्णसिंह मिळाला, जोकिन फिनिक्स यांना २०२० साली ऑस्कर मिळाले आणि जगभरातील उत्पन्न १०० कोटी डॉलरांपलीकडे गेले. परंतु प्रदर्शनापूर्वीच एक वेगळे पत्र निर्मात्या कंपनीकडे गेले होते. २० जुलै २०१२ रोजी कोलोरॅडोतील ऑरोरा येथे बॅटमॅन-चित्रपटाच्या खेळात झालेल्या गोळीबारात १२ जण मृत्युमुखी पडले होते. त्यांच्यापैकी काहींच्या आप्तांनी एकाकी खुन्याची सहानुभूतीने सांगितलेली ही कथा पाहून चिंता व्यक्त केली. हे पात्र किंवा हा चित्रपट हिंसेचे समर्थन करत नाही, असे उत्तर कंपनीने दिले. कारण देणे आणि क्षमा करणे यांत अंतर आहे, हे आपण वर्गात नेहमी सांगतो. ते अंतर अंधाऱ्या चित्रपटगृहात किती टिकते, हा प्रश्न मात्र त्या पत्राने उभा केला.

२०२४च्या उत्तरार्धात हा इतिहास स्वतःवरच उलटला. ‘फोली आ दू’ या शीर्षकाच्या त्या चित्रपटात आर्थर न्यायालयात कबूल करतो की जोकर असा कोणी नाहीच, आहे तो केवळ आपण. त्या क्षणी त्याचे चाहते त्याला सोडून जातात. त्यांना माणूस नको होता, मुखवटा हवा होता. पडद्याबाहेरही तसेच घडले : प्रेक्षकांनी पाठ फिरवली आणि उत्पन्न सुमारे २० कोटी डॉलरांवर थांबले. चित्रपट सदोष होता हे आम्हालाही मान्य आहे. तरीही चाहत्यांना त्यांच्या आकर्षणाचा जाब विचारणारी ही कृती त्यांनीच नाकारावी, हे बोलके आहे.

आमचा स्वतःचा कल नोलन यांच्या बाजूला आहे. रिकामी जागा रिकामी ठेवण्याने दुष्टता गूढ होते असे नव्हे, तर ती समजून घेण्याची जबाबदारी आपल्यावर राहते. तथापि २०१९च्या चित्रपटाची बाजू घेणाऱ्यास आम्ही उथळ म्हणणार नाही. ज्याचा चेहरा घेतला त्याचे दुःखही घ्या, हे म्हणणे ह्यूगोपर्यंत जाऊन भिडते. म्हणूनच अध्यापक मित्रांना एक सुचवावेसे वाटते. एखाद्या कादंबरीतील खलपुरुषाची भूमिका आज कोणी करावी, असा वाद वर्गात सुरू झाला तर तो थांबवू नये. नाव सांगून झाले की फक्त ‘का?’ एवढेच विचारावे. त्यापुढे विद्यार्थी जे बोलेल ते त्या कादंबरीविषयीचे त्याचे मत असेल, आणि बहुधा ते त्याचे स्वतःचे असेल.