प्रेक्षकांचा कौल आणि बाबूरावांची लेखणी

उज्जैन नगरीतील देवास गेट हा भाग म्हणजे शहराचा उंबरठाच होय. रेल्वेचे स्थानक येथून जवळ, बसगाड्यांचा अड्डा येथेच, आणि ग्वाल्हेर संस्थानच्या काळापासून चालत आलेले माधव महाविद्यालयही याच परिसरात. येथून पूर्वेच्या अंगाला देवास, मक्सी, शाजापूर असा माळव्याचा मुलूख पसरला आहे. शिंद्यांच्या अमदानीपासून या मुलखात मराठी कुटुंबे नांदत आली. त्यामुळे मराठी माणसाचे येथे नवल नाही. तथापि १९६७ साली शाजापूर मतदारसंघाने जो मराठी माणूस लोकसभेवर निवडून पाठविला, तो ना माळव्यातला होता, ना जन्मभर राजकारणात मुरलेला. त्याची कीर्ती एकाच गोष्टीसाठी होती. चित्रपट पाहावा आणि त्याविषयी जे मनात येईल ते कोणाचीही भीड न धरता छापावे, हा त्याचा व्यवसाय होता. बाबूराव पटेल हे त्याचे नाव.

चित्रपट पाहून बाहेर पडणारा प्रत्येक माणूस घटकाभर न्यायाधीश असतो. तिकिटाचे पैसे त्याने मोजलेले असतात आणि निकाल देण्याचा हक्क आपण त्याबरोबर विकत घेतला, अशी त्याची प्रामाणिक समजूत असते. हा निकाल बहुधा घरी पोहोचेपर्यंत विरून जातो. परंतु काही वेळा तो कागदावर उतरला आणि त्याने इतिहास घडविला.

असा पहिला प्रेक्षक म्हणजे खुद्द धुंडिराज गोविंद फाळके. १९१०-११ च्या सुमारास मुंबईत त्यांनी ‘लाइफ ऑफ क्राइस्ट’ हा चित्रपट पाहिला. पडद्यावर येशू ख्रिस्ताचे चरित्र उलगडत असताना त्यांच्या मनश्चक्षूंपुढे राम आणि कृष्ण उभे राहिले. पुढे पत्नीला बरोबर नेऊन त्यांनी तो चित्रपट पुन्हा पाहिला. एका धर्माची पवित्र कथा पाहताना दुसऱ्या धर्माच्या माणसाला आपल्या दैवतांची ओढ लागावी, आणि त्यातून १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ जन्मास यावा, ही घटना मोठी अर्थपूर्ण आहे. १९१७ पासून ‘नवयुग’ मासिकात फाळक्यांनी जी लेखमाला लिहिली, तिच्यात त्यांनी ही हकीकत नोंदविली आहे. प्रेक्षकाचे मत किती फलदायी होऊ शकते, याचा हा आपल्याकडील पहिला मोठा पुरावा होय.

सरकारने प्रेक्षकांचे मत विचारले, ते १९२७ साली. दिवाणबहादूर टी. रंगाचारियर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या चित्रपट चौकशी समितीने देशभर ४,३२५ प्रश्नावल्या पाठविल्या आणि ३५३ साक्षीदार तपासले. निर्माते, चित्रगृहांचे चालक, शिक्षक, समाजसेवक, सरकारी अधिकारी अशा नाना थरांतील लोकांनी आपली मते मांडली. महात्मा गांधींनाही प्रश्नावली गेली होती. आपण कधी चित्रपट पाहिलेला नाही, असे कळवून त्यांनी चित्रपटाविषयीची आपली नापसंती स्पष्ट केली. समितीचा अहवाल १९२८ साली प्रसिद्ध झाला. लोक बोलले, सरकारने लिहून घेतले, आणि ग्रंथ कपाटात गेला. रोजच्या प्रेक्षकाला बोलण्यासाठी नित्याचे व्यासपीठ अद्याप मिळावयाचे होते.

ते व्यासपीठ १९३५ साली ‘फिल्मइंडिया’ या इंग्रजी मासिकाच्या रूपाने मुंबईत उभे राहिले. संपादक बाबूराव पटेल यांचा जन्म १९०४ साली, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील आणि आताच्या पालघर जिल्ह्यातील मासवणचा. शालेय शिक्षण अर्धवट राहिलेला हा तरुण मूकपटांच्या काळातच चित्रव्यवसायात शिरला होता. काही चित्रपट त्याने दिग्दर्शितही केले होते. परंतु त्याचे खरे हत्यार लेखणी होती. एस. एम. पंडितांसारख्या चित्रकाराच्या कुंचल्याने सजलेले हे मासिक हाती पडताच विद्यार्थी त्याचा फडशा पाडीत. कॉलेजात असताना या मासिकाची आपल्याला किती ओढ होती, हे देव आनंद यांनी आपल्या आत्मचरित्रात सांगितले आहे.

या मासिकाचा प्राण होता त्यातील प्रश्नोत्तरांचे सदर. लाहोरपासून मद्रासपर्यंतचे वाचक आपले नाव आणि गाव देऊन प्रश्न धाडीत, आणि संपादक एका-दोन वाक्यांत उत्तर देत. ते उत्तर कधी हसवी, कधी डंख मारी, पण गुळमुळीत मात्र क्वचितच असे. आजवर ज्याचे मत चहाच्या कपाबरोबर संपत होते, त्या सामान्य रसिकाला आपले नाव छापलेले दिसू लागले. चित्रपटावर बोलणे हा चवचालपणा नव्हे, तो विचार करण्याजोगा विषय आहे, हा आत्मविश्वास या सदराने हजारोंना दिला.

या परखडपणाचे तेज परकीय चित्रपटांच्या बाबतीत विशेष दिसून आले. १९३८ साली अलेक्झांडर कोर्डा यांचा ‘द ड्रम’ हा चित्रपट मुंबईत आला. सरहद्दीवरील लोकांना कपटी आणि इंग्रजांना तारणहार दाखविणाऱ्या या चित्रपटाविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले आणि त्याचे प्रदर्शन बंद पडले. पाठोपाठ ‘गंगा दीन’ आला आणि मुंबई व बंगाल प्रांतांत त्यावर बंदी आली. या मोहिमेत ‘फिल्मइंडिया’ आघाडीवर होते. पडद्यावर आपली विटंबना होत असता प्रेक्षकाने मुकाट बसावे काय, हा प्रश्न बाबूरावांनी धैर्याने विचारला, याबद्दल त्यांचे ऋण मान्यच केले पाहिजे.

स्पष्टोक्तीला सौजन्याची जोड मिळाली म्हणजे काय घडते, याचा दाखलाही याच मासिकात सापडतो. १९३९ च्या ऑक्टोबरमध्ये पत्रकार ख्वाजा अहमद अब्बास यांनी त्यात गांधीजींना अनावृत पत्र लिहिले. गांधीजींनी चित्रपटाला जुगार, सट्टा यांच्या पंक्तीला बसविले होते. अब्बास यांनी मुलाने वडिलांशी बोलावे तशा आदराने, पण एक तसूभरही मागे न हटता, त्या मताचा फेरविचार करण्याची विनंती केली. गांधीजींचे मत काही त्यामुळे पालटले नाही. मात्र १९४४ साली जुहू येथे विजय भट्ट यांच्या ‘रामराज्य’ चित्रपटाचा काही भाग त्यांनी पाहिला, ही गोष्ट प्रसिद्धच आहे.

याच विजय भट्टांनी १९४५ साली पृथ्वीराज कपूर यांना घेऊन ‘विक्रमादित्य’ निर्माण केला. विक्रम संवताला दोन हजार वर्षे पूर्ण झाल्याच्या उत्सवाचे ते दिवस होते आणि त्या उत्सवामागे उज्जैनचे पंडित सूर्यनारायण व्यास यांची प्रेरणा होती. पुढे १९५९ साली भारत भूषण यांचा ‘कवी कालिदास’ आला. देवास गेटकडच्या प्रेक्षकाला अशा चित्रपटांपुढे एक वेगळाच अधिकार प्राप्त होतो. पडद्यावरची अवंती त्याला रोजच्या क्षिप्रेशी आणि महाकालाशी ताडून पाहता येते. पुठ्ठ्याच्या महालाने मुंबईकर दिपेल. उज्जैनकराला तो पटेलच असे नाही. स्थानिक ज्ञानाने आलेले हे मत टीकाकाराच्या विद्वत्तेपेक्षा कमी मोलाचे नसते.

परंतु नाण्याची दुसरी बाजूही पाहावयास हवी. बाबूरावांच्या टीकेत चित्रपटाबरोबर माणसेही भरडली जात. नटनट्यांच्या रूपाची, वयाची, खासगी जीवनाची कुचेष्टा हा त्यांच्या लेखणीचा नेहमीचा खुराक झाला. काल ज्यांची आरती ओवाळली, त्यांच्यावर आज आसूड ओढला जाई. ‘बॉम्बे कॉलिंग’ हे सदर तर ‘ज्यूडास’ या टोपणनावाने प्रसिद्ध होत असे. ज्यूडास हा शुभवर्तमानातला तो शिष्य, ज्याने एकाच पंगतीला बसून गुरूचा घात केला. हे नाव विनोदाने घेतले असेल. पण ज्या निर्मात्यांच्या जाहिरातींवर मासिक चाले, त्यांच्यावरच त्यातून प्रहार होत, हे ध्यानात घेता ते नाव चमत्कारिकरीत्या समर्पक ठरले. कुठल्याशा गावचा वाचक स्वतःचे नाव देऊन बोले, आणि सत्ताधीश संपादक मात्र मुखवटा चढवी, ही विसंगती लहान नव्हे.

न्यायाधीश स्वतः आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहण्याचा प्रसंगही आला. पत्नी सुशीलाराणी यांना नायिका करून बाबूरावांनी १९४४ साली ‘द्रौपदी’ आणि १९४६ साली ‘ग्वालन’ हे चित्रपट काढले. सुशीलाराणी उत्तम गायिका होत्या, विदुषी होत्या. तरीही त्या चित्रपटांना प्रेक्षकांनी उचलून धरले नाही. उलट, गुन्हेगाराला नायक केला म्हणून बाबूरावांनी ज्याच्यावर कोरडे ओढले, तो ‘किस्मत’ १९४३ पासून कलकत्त्याच्या रॉक्सी चित्रगृहात तीन वर्षांहून अधिक काळ चालला. यावरून टीकाकार चुकला आणि प्रेक्षक बरोबर, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. गर्दी म्हणजे गुणवत्ता नव्हे. परंतु लेखणीचा धाक आणि लेखणीचा प्रभाव या दोन निरनिराळ्या वस्तू आहेत, एवढे त्यावरून निश्चित दिसते.

बाबूरावांना मनापासून प्रशंसा करता येत नव्हती, असेही नाही. मेहबूब खान यांच्या ‘मदर इंडिया’चा १९५७ साली त्यांनी मुक्तकंठाने गौरव केला. पुढे १९६१ च्या सुमारास त्यांचे चित्रपटविषयक मासिक बंद होऊन ‘मदर इंडिया’ याच नावाच्या राजकीय मासिकात त्याचे रूपांतर झाले. मग १९६७ ची निवडणूक आली. जनसंघाचे उमेदवार म्हणून ते शाजापुरातून निवडून आले. आयुष्यभर इतरांना गुण देणाऱ्या माणसाने माळव्यातील शेतकऱ्यांपुढे आपल्याला गुण मिळावेत म्हणून हात जोडले, आणि त्या लोकांनी ते दिले. त्यांतील बहुतेकांनी ‘फिल्मइंडिया’चे पानही उलटले नसावे. १९८२ साली बाबूराव निवर्तले.

आज उज्जैनमधील प्रेक्षकाला आपले मत जगापुढे मांडण्यासाठी मुंबईच्या संपादकाला पत्र धाडावे लागत नाही. त्याला पोस्टाचे तिकीटही नको आणि संपादकाची संमतीही नको. हे स्वातंत्र्य मोठेच आहे. मात्र मत जेवढे स्वस्त होते, तेवढी त्यामागची जबाबदारी महाग होते. फाळक्यांनी पाहिलेल्या चित्रपटातून काही निर्माण केले, अब्बासांनी मतभेद आदराने मांडला, बाबूरावांनी बलाढ्यांना सुनावले आणि त्याच आवेशात दुर्बळांनाही दुखविले. तिघेही परखडच होते. त्यांच्यातला फरक आवाजाच्या उंचीचा नसून माणसाविषयीच्या कळकळीचा आहे. चित्रपटाला वाईट म्हणण्याचा हक्क तिकिटाबरोबर मिळतो. माणसाला हीन लेखण्याचा हक्क मात्र कोणत्याही खिडकीवर विकत मिळत नाही.