‘अन्‌रूली’ शब्दाचा अर्थ व उपयोग

इंग्रजी अमदानीचे कागद मराठींत उतरवितांना ‘अन्‌रूली’ हें विशेषण आलें, कीं लेखणींतून ‘बंडखोर’ हा शब्द सहज उतरतो. आमच्याहि हातून हा प्रमाद घडला आहे. त्याच्या परिमार्जनार्थ ही टिपणी.

प्रथम व्युत्पत्ति पाहूं. यांतील ‘अन्’ हा उपसर्ग आपल्या नञर्थक ‘अन्’चा सहोदर होय. ‘रूल’ हा शब्द फ्रेंच भाषेच्या द्वारें लॅटिन ‘रेगुला’ म्हणजे सरळपट्टी, नियम, यापासून आला. लॅटिन ‘रेक्स’ व आपला ‘राजन्’ हे त्याच कुळांतले. म्हणजे ‘अराजक’ हा या विशेषणाचा दूरचा भाऊबंद ठरतो. परंतु कूळ एक म्हणून अर्थ एक होत नाहीं. अराजकांत राजाच नसतो. येथें नियम आहे, मनुष्य मात्र त्यांत राहत नाहीं. बंडखोर याहून निराळा. तो सत्ताच उलथूं पाहतो.

उपयोगाचा उत्तम पुरावा इ. स. १६११ च्या इंग्रजी बायबलांत मिळतो. तेथें तीन निरनिराळ्या ग्रीक शब्दांकरितां हा एकच शब्द योजिला आहे. थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रांतील मूळ शब्दाचा अर्थ रांग सोडणारा; तीताच्या पत्रांत, कोणाच्या हाताखालीं न राहणारा; आणि याकोबाच्या पत्रांत जिभेविषयीं, आवरून न धरतां येणारी. पुढें मूल, घोडा, जमाव, इतकेंच काय पण न बसणारे केस, यांसहि हें विशेषण लागलें. केसांस बंडखोर कोण म्हणेल?

यास्तव प्रसंग पाहून प्रतिशब्द घ्यावा. जमावास ‘बेशिस्त’, हाताखालच्या मनुष्यास ‘बेमुर्वत’, घोड्यास व जिभेस ‘अनावर’ किंवा ‘उद्दाम’. ‘उद्दाम’ म्हणजे ज्याचें दाम, अर्थात् दावें, सुटलें आहे तो. हा शब्द आम्हांस मूळच्या सर्वांत जवळचा वाटतो.

हा भेद केवळ कोशकारांचा नव्हे. विमानांतील अशा प्रवाशांसंबंधीं भारतांत २०१७ सालीं जे नियम झाले, त्यांत शाब्दिक त्रास, अंगावर हात टाकणें व जीवितास धोका अशा तीन पायऱ्या केल्या असून, प्रवासबंदी अनुक्रमें ३ महिन्यांपर्यंत, ६ महिन्यांपर्यंत व निदान २ वर्षें अशी ठरविली आहे. एका शब्दाच्या पोटांत इतकें अंतर असूं शकतें.

मग जुन्या कागदांतील एखाद्या गांवास भाषांतरकारानें एका शब्दासरशीं राजद्रोही ठरविणें न्याय्य नाहीं. संग्राहकांस आमची विनंति इतकीच, कीं विशेषणावर न थांबतां, त्या लोकांनीं प्रत्यक्ष काय केलें हें त्याच कागदांत शोधावें, आणि मगच मराठी शब्द लिहावा.