भीड

नोकरीच्या सुरुवातीला एका उत्तरेकडच्या सहकाऱ्याला मी सांगितले होते, "मला साहेबांची भीड वाटते." तो गोंधळला. साहेब तर केबिनमध्ये एकटेच बसलेले, मग गर्दी कसली? हिंदीत भीड म्हणजे गर्दी. गुजरातीत हातात पैसा नसला की ‘नाणांभीड’ म्हणतात. म्हणजे गर्दी असो वा टंचाई, दाटणे, आवळले जाणे हे सगळीकडे आहेच. मराठीत हे दाटणे मनात गेले, आणि तेही समोरच्या माणसामुळे.

भीती, लाज, संकोच हे शब्द जवळचे, पण वेगळे. भीती कुत्र्याचीही वाटते. लाज आपल्या हातून काही घडले की वाटते. भिडेला आपली चूक असावी लागत नाही. समोरचा मोठा, किंवा त्याच्या घरचे आपण कधीतरी खाल्लेले, एवढे पुरते. म्हणून उसने दिलेले पैसे मागताना देणाराच ओशाळतो.

मला या शब्दाची गंमत वाटते ती पुढे. ज्याची भीड वाटते, त्याचीच भीड ‘घालता’ येते. काम अडले की आपण म्हणतो, अमक्याची भीड घालून बघूया. माझे अवघडणे आणि त्याचे वजन, दोन्हींना शब्द एकच. सरकारी टेबलावर बसल्यावर हे फार लवकर कळते. एकदा माझे जुने मास्तर कोणाला तरी बरोबर घेऊन आले. मी खुर्चीवरून उठलो आणि त्यांचा कागद आधी काढून दिला. रांगेतली म्हातारी काही बोलली नाही. तिच्याबरोबर कोणीच नव्हते.

बाबासाहेब आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी मुंबईत ‘मूकनायक’ हे पाक्षिक सुरू केले, तेव्हा शीर्षस्थानी तुकारामांचा अभंग छापला. त्याच्या पहिल्याच चरणात हा शब्द आहे. आता भीड धरून काय करायचे, मुक्याला जगात कोणी विचारत नाही, असा त्याचा भाव. सतराव्या शतकातला शब्द विसाव्या शतकात जसाच्या तसा कामी आला, कारण भीड धरणारे तेच राहिले होते.

आपल्या गोव्यात तर भाटकार आणि मुंडकार. भाटकाराच्या जमिनीत मुंडकाराचे घर. १९७५ साली मुंडकारांना हुसकावून लावण्यापासून संरक्षण देणारा कायदा झाला, घराखालची जागा विकत घेण्याचा हक्कही त्यात आला. त्यासाठी मामलेदाराकडे अर्ज करावा लागतो. कायदा होऊन कितीतरी वर्षे लोटल्यावर एक वृद्ध मुंडकार माझ्यासमोर आला. कागद सगळे होते. अजून अर्ज का केला नाही, विचारले तर म्हणाला, "पुता, ताच्या बापायन आमकां जागो दिलो. ताचे आड अर्ज कसो घालूं?" भाटकार कधीचा मुंबईला राहायला गेलेला. धमकी नाही, भांडण नाही. दरसाल चतुर्थीला हा त्याच्या बंद घराच्या पायरीवर नारळ ठेवून येत असे.

मी अर्ज लिहून दिला. सही करताना त्याने विचारले, "भाटकाराक कळटलें?"

नोटीस जाते, तेव्हा कळणारच. मी खरे ते सांगितले. त्याने पेन खाली ठेवले, अर्जाची घडी करून खिशात घातली आणि घरी मुलाला विचारून येतो म्हणाला. निदान माझ्या टेबलावर तरी तो परत आला नाही.